वजीर दिलेल्या डावाचे विश्लेषण: आधी इंजिन की आधी लाकडी पट?

एका बाजूकडे वजीर आणि दुसऱ्या बाजूकडे त्याच्या बदल्यात हत्ती, घोडा व दोन प्यादी, असा अटीतटीचा डाव खेळून घरी परतणाऱ्या खेळाडूपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो विश्लेषणाला सुरुवात कुठून करायची हा. ठाण्यात मुलांना बुद्धिबळ शिकवताना मी मोबाइलवरचे इंजिन, म्हणजे चाली तपासणारा संगणक प्रोग्राम, आणि घरातला लाकडी पट या दोन्ही वाटांनी गेलो आहे, आणि अशा विषम डावांसाठी पट आधी मांडावा, असे माझे ठाम मत झाले आहे.

इंजिनाची बाजू भक्कम आहे. स्टॉकफिश हे इंजिन विनामूल्य मिळते, २०२० पासून त्याच्या मूल्यमापनाला न्यूरल नेटवर्कची, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रणालीची, जोड मिळाली आहे, आणि दोन चालींत होणारी मात तुम्ही हुकवली असेल तर ती ते क्षणात दाखवते. पुढची फेरी तासाभरात असेल, तर पट मांडत बसण्यात अर्थ नाही.

अडचण येते ती इंजिनाचे उत्तर आकड्यात मिळते म्हणून. वाशीच्या एका स्पर्धेत माझ्या विद्यार्थ्याने वर म्हटल्याप्रमाणे वजीर दिला आणि डाव हरला. परतीच्या ठाणे लोकलमध्ये, कोपरखैरणे येण्याआधीच, त्याने मोबाइलवर डाव तपासला. वजीर देण्याच्या चालीपुढे प्रश्नचिन्ह दिसले आणि ‘सर, तिथेच चुकलं’ असे म्हणून त्याने मोबाइल खिशात ठेवला. नंतर नौपाड्यात दोन संध्याकाळी आम्ही तोच डाव पटावर मांडला, तेव्हा लक्षात आले की त्या चालीला प्रतिस्पर्ध्याकडे एकच चांगले उत्तर होते आणि तेही शांतपणे वजीर मागे घेण्याचे, जे घड्याळ पळत असताना सहसा सुचत नाही. डाव खरा निसटला तो आठ चालींनंतर, मध्यभागी प्याद्याच्या आधाराने घट्ट बसलेला घोडा त्याने पटाच्या कडेला नेला तेव्हा.

पटावर नेमके काय दिसते, हे समजण्यासाठी सोव्हिएत खेळाडू रशीद नेझमेतदिनोव्ह यांचा चेर्निकोव्हविरुद्धचा १९६२ चा डाव मांडून पाहावा. पांढऱ्याने, म्हणजे नेझमेतदिनोव्ह यांनी, १२ व्या चालीत वजिराने एफ६ वरचा (एफ स्तंभातल्या सहाव्या घरावरचा) उंट मारला आणि वजिराच्या मोबदल्यात त्याला केवळ उंट व घोडा मिळाले. नेहमीच्या हिशेबाने (वजीर नऊ, उंट व घोडा प्रत्येकी तीन) हा नऊ गुण देऊन सहा घेण्याचा व्यवहार झाला. पण पट समोर ठेवून पाहिले की काळ्या घरांवरचा काळ्याचा उंट गेलेला दिसतो, एफ६ वर आलेले प्यादे अडकलेले दिसते, आणि डी५ वरचा घोडा, डी४ वरचा उंट व पुढे एफ३ वर आलेला हत्ती हे तिन्ही त्याच घरावर रोखलेले दिसतात. काळ्याचा वजीर मात्र २० व्या चालीपर्यंत दूर ए५ वर बसून आहे. पांढऱ्याने घोड्याच्या दुहेरी हल्ल्याने तो परत मिळवला ३१ व्या चालीत. एकोणीस चालींचा असा हिशेब पटावर बसून आधी कोणी करत नाही. इथे कोणते मोहरे कामात आहेत हे ओळखावे लागते, आणि ती नजर मोहरे स्वतः हलवल्याशिवाय तयार होत नाही, असा माझा अनुभव आहे.

अमेरिकी ग्रँडमास्टर लॅरी कॉफमन यांनी १९९९ मध्ये मांडलेली मोहऱ्यांची मूल्येही सोबत ठेवावीत: वजीर पावणेदहा, हत्ती पाच, उंट व घोडा प्रत्येकी सव्वातीन, प्यादे एक, आणि दोन्ही उंट हाती असल्यास अर्धा गुण जास्त. त्या हिशेबाने माझ्या विद्यार्थ्याने पावणेदहा देऊन सव्वादहा मिळवले होते.

पटाला वेळ लागतो, आणि एकट्याने बसल्यास आपल्याच आवडत्या चालीच्या प्रेमात पडण्याचा धोकाही आहे. म्हणून आपला निष्कर्ष आणि त्याचे कारण वहीत लिहून झाल्यावर इंजिन लावावे, आणि जिथे मत जुळत नाही तेवढ्याच जागा पुन्हा पटावर घ्याव्यात. अपवाद फक्त शेवटच्या टप्प्याचा: राजे धरून सात किंवा त्याहून कमी मोहरे उरले असतील, तर तयार टेबलबेसमध्ये, म्हणजे अशा सगळ्या स्थितींची उत्तरे आधीच काढून ठेवलेल्या संग्रहात, अचूक निकाल मिळतो, आणि तिथे सरळ तोच पाहावा.