राजगड ते तोरणा, दोघंच, एका दिवसात: गावातली जीप, वाटाड्या आणि जेवण

दिवाळी उलटली की राजगड–तोरणा धारेवर, म्हणजे पुण्याजवळच्या या दोन किल्ल्यांना जोडणाऱ्या डोंगररांगेच्या माथ्यावर, जाणाऱ्यांची रांग लागते. मोठ्या ग्रुपची सगळी सोय ठरलेली असते. दोघंच जाणार असतील तर मात्र जीप, वाटाड्या आणि जेवण या तिन्ही गोष्टी गावातून स्वतंत्रपणे ठरवाव्या लागतात. तिन्हींचा दर्जा सारखा नाही. जीप आणि वाटाड्यावर पैसे खुशाल खर्च करावेत, जेवणाचा हिशोब वेगळा आहे.

आधी वेळेचं गणित. नोव्हेंबरअखेर पुणे भागात पावणेसातच्या आसपास उजाडतं आणि सहाला सूर्य बुडतो, म्हणजे उजेड जेमतेम सव्वाअकरा तास. राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्यातून चोर दरवाजाने राजगड दोन-अडीच तास, पद्मावती माचीवरून संजीवनीच्या टोकाकडे तासभर, अळू दरवाजातून उतरून तोरण्याच्या बुधला माचीपर्यंत पाच ते सहा, आणि तोरण्यावरून पायथ्याच्या वेल्ह्यात उतरायला दोन. बेरीज उजेडाच्या बरोबरीला येते. म्हणून पहाटे पाचला बॅटरीच्या उजेडात चढायला लागायचं आणि बालेकिल्ला दुसऱ्या खेपेसाठी ठेवायचा.

जीप. बरेच जण गाडी गुंजवण्यात लावतात आणि संध्याकाळी वेल्ह्यातून परत जायला वाहन शोधतात. हे उलटं करावं. गाडी वेल्ह्यात लावायची आणि पहाटे जीपने मार्गासनी–साखरमार्गे गुंजवण्यात जायचं. उतरायला कितीही उशीर झाला तरी गाडी पायथ्याशी असते, कोणी वाट बघत ताटकळत नाही. भाडं गाडीचं ठरतं, माणशी नाही, त्यामुळे दोघांना ते महाग वाटतं. तरी या दिवसात यापेक्षा सत्कारणी लागणारा पैसा नाही. आदल्या रात्री पुन्हा एकदा फोन करून खात्री करावी, पहाटेचा शब्द संध्याकाळी पक्का झालेला बरा.

वाटाड्या. चोर दरवाजाची वाट आणि वेल्ह्याचा उतार दोन्ही मळलेले आहेत, अवघड जागी रेलिंग आहे, तिथे वाटाड्या लागत नाही. त्याचं खरं काम अळू दरवाजापासून बुधल्यापर्यंत. पावसाळ्यानंतर गवत कमरेपर्यंत वाढून पिवळं पडलेलं असतं आणि वाट त्याखाली झाकली जाते. गुरांच्या वाटा तेवढ्या ठसठशीत दिसतात, पण त्या धार सोडून आडव्या जात जात खाली वाडीकडे उतरतात. तिथेच लोक चुकतात आणि दोन तास गमावतात. खूण सोपी आहे: डांबरी रस्त्याची खिंड ओलांडल्यावर वाट बराच वेळ आडवी जात उतरायला लागली, तर मागे फिरून माथा गाठायचा. एवढी खूण माहीत असूनही पहिल्या खेपेला माणूस घ्यावाच.

ठरवताना तीन गोष्टी स्पष्ट बोलून घ्या. एक, तो बुधला माचीपर्यंत येणार, रस्त्याच्या खिंडीतून परतणार नाही. दोन, त्याच्या परतीचे पैसे त्यात धरलेत की वेगळे. तीन, त्याचं जेवण आणि पाणी कोणाकडे. या वाटेवरचे लोक झपाझप चालतात. दोघांपैकी जो सावकाश चालतो त्याने वाटाड्याच्या पाठोपाठ राहावं आणि चपळ सोबत्याने शेवटी. उलटं केलं की मागचा माणूस एकटा पडतो. घसाऱ्यावर मात्र दोघांत दहा-बारा पावलांचं अंतर ठेवा, वरच्याच्या पायाखालचा दगड थेट खालच्यावर येतो. अळू दरवाज्याखालचा उतार आणि बुधल्याखालचा शेवटचा उभा चढ, दोन्हीकडे हे पाळावं.

जेवण. राजगडावरची पिठलं-भाकरी, ठेचा आणि कांदा चवीला उत्तमच. चुलीवरची भाकरी तव्यावरून थेट ताटलीत येते, कडा खरपूस, मध्ये मऊ. अडचण वेळेची आहे. आपण साडेसातला माचीवर पोचतो तेव्हा चूल नुकती पेटलेली असते, आणि मागणी दिल्यावर अर्धा-पाऊण तास सहज जातो. एवढा वेळ या दिवशी परवडत नाही. तिथे ताक प्यावं आणि निघावं. दुपारसाठी गुंजवण्यातल्या घरी आदल्या दिवशी सांगून डबा घ्या, पण पिठलं नको. गरम भरून झाकण लावलं की त्याला पाणी सुटतं आणि उन्हात ते आंबतं. घट्ट झुणका, शेंगदाण्याची चटणी आणि चपात्या सांगा. तांदळाची भाकरी दुपारपर्यंत कडक होते, चपाती मऊ राहते.

पाण्याच्या बाबतीत कोणावर विसंबू नये. धारेवर धनगरांच्या घरी ताक मिळालं तर आनंदच, ते धरून मात्र चालू नका. राजगड सोडताना माणशी तीन लिटर भरलेलं हवं, आणि त्यातलं एक लिटर बुधल्याच्या चढापर्यंत उघडायचं नाही. गारवा फक्त सकाळपुरता असतो. अकरानंतर उघड्या धारेवर ऊन चांगलंच भाजतं.

पायात उंच मोजे आणि वर पातळ गेटर (बुटापासून नडगीपर्यंतचं कापडी आवरण) घाला. या दिवसांत कुसळं मोज्यात घुसून टोचत राहतात, आणि दर अर्ध्या तासाला बसून ती काढण्यातच दुपार जाते.

वेल्ह्यात उतरल्यावर जेवायचं असेल तर तोरण्यावर रेंज मिळेल तिथूनच फोन करून ठेवा. उशिरा पोचलं की बहुतेक ठिकाणी फक्त चहा-बिस्किटं उरतात.