जुनी स्प्लेंडर आणि नाना पेठेतले पाटी नसलेले गॅरेज

वडिलांची 1998 सालची हिरो होंडा स्प्लेंडर 2017 च्या पावसाळ्यापासून पुण्यात कोथरूडमधील आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी होती. आठ वर्षांत टायर खाली बसले होते, टाकीतील पेट्रोलला जुन्या व्हार्निशसारखा वास येत होता आणि किक अर्ध्यावरच अडकत होती. घराजवळच्या एका गॅरेजवाल्याने ती भंगारात देण्याचा सल्ला दिला, तर दुसऱ्याने दोन हजारांत चालू करून देण्याची तयारी दाखवली. शेवटी एका परिचिताच्या सांगण्यावरून मी ती छोट्या टेंपोत घालून नाना पेठेत नेली. दुचाकीच्या सुट्या भागांची दुकाने तिथे ओळीने असल्यामुळे जुन्या गाडीला लागणारा वायसर किंवा रबरी बुश शोधत गावभर फिरावे लागत नाही, हा त्या भागाचा मोठा फायदा.

हे गॅरेज म्हणजे बोळातील एक गाळा आहे, त्याला पाटी नाही. चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे ‘उस्ताद’ म्हणतात. गाडी किती दिवसांत चालू होईल, असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले, “चालू काय, होईल हो. थांबेल का, ते आधी बघू.” आणि त्यांनी खरोखरच इंजिनाला हात लावण्याआधी दोन्ही चाके उतरवली.

मागच्या ब्रेकचा ड्रम उघडला तेव्हा त्यांचा आग्रह मला पटला. ब्रेक शूवरचे लायनर, म्हणजे ड्रमला घासून गाडी थांबवणारे अस्तर, वरून पाहता जाड आणि शाबूत दिसत होते. पण उस्तादांनी कडेला नख घालून उचलताच ते अॅल्युमिनियमपासून खपलीसारखे सुटून आले, कारण ते चिकटवणारा गोंदाचा थर ओलाव्याने आणि गंजाने मेला होता. असे लायनर चालत्या गाडीत सुटून ड्रममध्ये अडकले, तर चाक जागच्या जागी जाम होऊ शकते. दोन हजारांत ‘चालू’ झालेली गाडी मी याच शूंवर चालवली असती. आणखी एक गोष्ट मला आवडली: ड्रममधील भुकटी त्यांनी हवा मारून उडवली नाही, ओल्या फडक्याने पुसून घेतली, कारण जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. पुढच्या ब्रेकची केबल लिव्हरपाशी, रबराच्या टोपीखाली, निम्मी तुटलेली होती, तीही बदलली.

टायरांवरून मात्र आमचा थोडा वाद झाला. नक्षी चांगली होती, त्यामुळे नवी जोडी घेणे मला उधळपट्टी वाटत होती. त्यांनी टायरच्या बाजूवरील चार आकडे दाखवले: 3111, म्हणजे 2011 सालचा एकतिसावा आठवडा. मग तोच भाग अंगठ्याने दाबून बारीक भेगा उघडून दाखवल्या. मी गप्प बसलो.

साखळी पूर्ण झाकणाच्या आत असल्यामुळे बाहेरून काहीच कळत नव्हते. आत तिच्या कड्या ताठ झाल्या होत्या, त्यामुळे चेन-स्प्रॉकेटचा संच नवा घातला. पुढचे चाक अधांतरी धरून हँडल फिरवल्यावर ते मधोमध खटकन अडत होते, म्हणून कोनसेट, म्हणजे हँडलच्या दांड्याचे बेअरिंग, तोही बदलला. पुढच्या शॉकअॅब्सॉर्बरचे (फोर्कचे) ऑइल सील गळत होते. तेही काम झाले.

इंजिनाच्या बाबतीत त्यांनी घाई अजिबात केली नाही. या गाडीचे सिलिंडर जवळजवळ आडवे असते, त्यामुळे प्लगच्या भोकातून सोडलेले तेल खाली एकाच बाजूला साचते. ते पिस्टनच्या रिंगांपर्यंत पोहोचावे म्हणून पुढचे चाक लाकडी ठोकळ्यावर चढवून गाडी रात्रभर तशीच ठेवली आणि दुसऱ्या दिवशी प्लग न लावताच किक हाताने हळूहळू दाबून इंजिन सोडवले. पुढे ऑइल बदलणे, टाकीतला गंज काढणे, कार्ब्युरेटरचे बुजलेले जेट साफ करणे आणि नवी बॅटरी बसवणे ही नेहमीची कामे झाली. पाचव्या किकला गाडी सुरू झाली.

आता तक्रारी. आठ दिवसांचा वायदा तेवीस दिवसांवर गेला आणि त्या काळात दर वेळी मलाच फोन करावा लागला. हिशेब डायरीच्या पानावर मिळाला: सुटे भाग 9,650 रुपये आणि मजुरी 4,200 रुपये, म्हणजे एकूण 13,850, टेंपोचे भाडे वेगळे. रीतसर बिल हवे असणाऱ्यांनी हे आधीच बोलून घ्यावे. मला न विचारता स्वस्तातले इंडिकेटर लावले होते, त्यांपैकी एक आठव्या दिवशी बंद पडले. ते विनामूल्य बदलून मिळाले, पण हेलपाटा माझाच झाला. आणि हेही सांगायला हवे की तेवढ्या पैशांत एखादी जुनी, चालती स्प्लेंडर विकत मिळू शकते. वडिलांची गाडी नसती, तर मी तेच केले असते.

कागदपत्रांचे काम उस्ताद पाहत नाहीत. पंधरा वर्षांनंतर 2013 साली केलेल्या नोंदणीच्या नूतनीकरणाची पाच वर्षांची मुदत कधीच संपली होती. त्यामुळे विमा, पीयूसी, पर्यावरण कर, नवी सुरक्षित नंबरपाटी आणि आरटीओची तपासणी हे सारे मीच केले. थर्ड पार्टी विम्याचा मूळ हप्ता तेव्हा 714 रुपये होता.

नोंदणी हाती आल्यावर एका रविवारी सकाळी कात्रजच्या जुन्या घाटाने खेड शिवापूरपर्यंत जाऊन आलो. उतारावर तिसऱ्या गिअरमध्ये मागचा ब्रेक दाबला तेव्हा गाडी सरळ रेषेत, न फरफटता थांबली. हँडल मोकळे आहे. स्पीडोमीटरचा काटा मात्र चाळिसाच्या पुढे थरथरतो. पाचशे किलोमीटरनंतर ऑइल बदलायला आणि ब्रेक पुन्हा आवळायला बोलावले आहे, तेव्हा तोही दाखवणार आहे. जायचे झाल्यास सकाळी दहाच्या आत जावे. त्यानंतर त्या बोळात हातगाड्या आणि माल उतरवणारे टेंपो यांमधून बंद गाडी ढकलत नेणे फार जिकिरीचे होते.