खाते उघडा, व्हाउचर घ्या: पणजीतील एका ‘बोनस’ खात्याचे परीक्षण

हे परीक्षण एका खाजगी बँकेच्या पणजी शाखेतील बचत खात्याचे आहे. चतुर्थीच्या तोंडावर या बँकेने नव्या खातेदारांसाठी योजना जाहीर केली होती. खाते उघडून सलग सहा महिने सरासरी ५०,००० रुपये शिल्लक ठेवावी, डेबिट कार्डाने काही खरेदी करावी आणि २,००० रुपयांचे खरेदी व्हाउचर घ्यावे, असे तिचे स्वरूप होते. पगार याच खात्यात वळवल्यास आणखी ५०० रुपये मिळणार होते. पगार मी वळवला नाही. त्याचे कारण पुढे येईलच. या परीक्षणाचा मूळ प्रश्न मात्र हा, की बोनससाठी अशी खाती उघडत-बंद करत राहिल्यास सिबिल, म्हणजे कर्ज देताना पाहिला जाणारा पतगुणांक, बिघडते का?

आधी हिशेब पाहू, कारण जाहिरातीत तो नसतो. माझी साडेसहा टक्क्यांची एक मुदत ठेव नुकतीच संपली होती आणि तीच रक्कम मी या खात्यात ठेवली. बचत खात्याचा दर अडीच टक्के असल्यामुळे वर्षाला चार टक्क्यांचा, म्हणजे ५०,००० रुपयांवर सहा महिन्यांत १,००० रुपयांचा तोटा झाला. डेबिट कार्डाचे वार्षिक शुल्क २५० रुपये आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी धरून २९५ रुपये कापले गेले. म्हणजे दोन हजारांच्या बोनसातून हाती उरले ७०५ रुपये, तेही ठरावीक दुकानांतच चालणाऱ्या व्हाउचरच्या रूपाने. रोज दिवसअखेरीची शिल्लक मोजून, तिची बेरीज करून, महिन्याच्या दिवसांनी भागले की सरासरी मासिक शिल्लक निघते. त्यामुळे तीस दिवसांच्या महिन्यात दहा दिवस दीड लाख रुपये ठेवले आणि उरलेले दिवस खाते रिकामे राहिले तरी अट पूर्ण होते. शाखेतील कोणीही हे आपणहून सांगितले नाही. विचारल्यावर मात्र नाकारलेही नाही.

आता तो मूळ प्रश्न. अशी खाती उघडत-बंद करत राहिल्यास सिबिल बिघडते का? नुसत्या बचत खात्याने बिघडत नाही. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही पतमाहिती संस्था कर्जाची माहिती ठेवतात. बचत खात्यातील शिल्लक, ते केव्हा उघडले, केव्हा बंद केले यांपैकी काहीच त्यांच्या अहवालात येत नाही. खात्याला ओव्हरड्राफ्ट (शिल्लकीपेक्षा जास्त रक्कम काढण्याची सोय) जोडलेला असेल तर गोष्ट वेगळी, कारण ते कर्जच आहे आणि कर्ज म्हणूनच नोंदले जाते. पगार खात्यावर ‘गरजेला असू द्या’ म्हणून दिली जाणारी ओव्हरड्राफ्टची सोय याच सदरात मोडते.

बचत खात्याने सिबिल बिघडते, हा गैरसमज आपल्याकडे बळावण्यास विलायतेतील आप्तांचे अनुभव काही अंशी कारणीभूत असावेत. गोव्यातील पुष्कळ कुटुंबांचे कोणी ना कोणी इंग्लंडमधील स्विंडनला असते. तेथे बँक बदलून शंभर-दोनशे पौंड मिळवणे हा सर्रास चालणारा प्रकार आहे, आणि तेथील करंट खाते (रोजच्या व्यवहाराचे साधे खाते), विशेषतः ओव्हरड्राफ्टसह असलेले, पतअहवालात दिसते. नवे खाते उघडताना बँक अर्जदाराची पत तपासते आणि त्या तपासणीची नोंदही राहते. पण तेथे २०१३ पासून खाते बदलण्याची राष्ट्रीय सेवा आहे. सात कामकाजी दिवसांत जुन्या खात्यावरील सर्व नियमित देणी नव्या खात्यावर जातात, जुने खाते बंद होते आणि चुकून तिकडे गेलेले पैसे पुढील तीन वर्षे नव्या खात्याकडे वळवले जातात. आपल्याकडे खातेक्रमांक न बदलता बँक बदलण्याची कल्पना रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर एस. एस. मुंद्रा यांनी २०१७ मध्ये मांडली होती, पण ग्राहकाच्या हाती तशी सोय अद्याप आलेली नाही. येथे सगळी हलवाहलव ग्राहकानेच करायची असते आणि पत बिघडते ती या हलवाहलवीत.

या खात्याचा अर्ज बँकेच्या प्रतिनिधीने टॅबवर भरून घेतला. शेवटच्या पानावर तीन चौकोन होते आणि तिन्हींत आधीच बरोबरची खूण होती. पहिला अटी मान्य असल्याचा. दुसऱ्यात आधार या खात्याशी जोडून सरकारी अनुदान येथे घेण्याची संमती होती. तिसऱ्यात, बारीक अक्षरांत, क्रेडिट कार्डासाठी विचार करण्याची आणि त्याकरिता पतअहवाल मागवण्याची परवानगी होती. ‘मॅडम, ते राहू दे, कार्ड नको असेल तर मागाहून नको म्हणा,’ असे त्या तरुणाने अगदी सौजन्याने सुचवले. मी दुसरी आणि तिसरी खूण काढायला लावली. माझ्या कार्यालयातील एका सहकारी महिलेने त्याच योजनेत खाते उघडताना तिसरी खूण तशीच राहू दिली होती आणि तिच्या सिबिल अहवालाच्या चौकशीच्या भागात त्या बँकेचे नाव, तारीख आणि ‘क्रेडिट कार्ड’ हा उद्देश स्पष्ट नोंदलेला आहे. ग्राहकाने कार्ड कार्यान्वित करेपर्यंत त्याची माहिती पतमाहिती संस्थांना देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. पण चौकशीची नोंद त्याआधीच झालेली असते. अशी एखादी चौकशी फारसे नुकसान करत नाही. मात्र बोनसामागे लागून वर्षभरात चार-पाच बँकांत असेच अर्ज केले, तर गृहकर्ज देणाऱ्या अधिकाऱ्याला त्या ओळी एकाखाली एक दिसतात आणि माणूस पैशांच्या अडचणीत आहे, असा तो अर्थ काढतो. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुणांक कमी होत नाही आणि प्रत्येक संस्थेकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. अर्जाआधी किंवा नंतर तो पाहायलाच हवा.

पगार न वळवण्याचे कारण हप्ता. माझ्या गृहकर्जाचा हप्ता जुन्या खात्यातून नॅच मॅन्डेटने, म्हणजे हप्ता आपोआप कापून घेण्याच्या बँकेला दिलेल्या परवानगीने, जातो (बोलताना सगळे अजून ईसीएसच म्हणतात). पगार नव्या खात्यात गेला तरी मॅन्डेट जुन्याच खात्यावर राहते. कर्ज देणाऱ्या संस्थेकडे नवे मॅन्डेट नोंदवायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात हप्त्याची तारीख येऊन खाते रिकामे आढळले की हप्ता बाऊन्स होतो. एक दंड बँक लावते आणि दुसरा कर्ज देणारी संस्था लावते. व्हाउचरचा नफा तेथेच संपला. त्याहून वाईट म्हणजे अहवालातील ‘डीपीडी’चा, म्हणजे हप्त्याला किती दिवस उशीर झाला याचा, रकाना. गेल्या छत्तीस महिन्यांच्या त्या चौकटींत वेळेवर भरलेल्या हप्त्यासमोर तीन शून्ये असतात. थकलेल्या महिन्यासमोर उशिराच्या दिवसांचा आकडा बसतो. पूर्वी बँका ही माहिती महिन्यातून एकदा पाठवत, त्यामुळे आठवडाभरात हप्ता भरला की बाहेर कळण्याचा संभव कमी असे. १ जानेवारी २०२५ पासून ती किमान दर पंधरवड्याला पाठवणे बंधनकारक झाले. पगार वळवायचाच असेल, तर नव्या खात्यातून पहिला हप्ता प्रत्यक्ष कापला जाईपर्यंत जुन्या खात्यात एका हप्त्याइतकी रक्कम ठेवणे हाच सुरक्षित मार्ग आहे. ५०० रुपयांसाठी एवढी यातायात मला परवडणारी वाटली नाही.

आधारच्या चौकोनाबद्दल थोडेसे. आधारशी जोडलेले अनुदान ज्या खात्याची जोडणी शेवटची झाली त्यात जाते, त्यामुळे ती खूण राहू दिल्यास गॅसचे अनुदान मिळत असल्यास ते नकळत नव्या बँकेत जाऊ लागते. गृह आधार या गोवा सरकारच्या गृहिणींसाठीच्या योजनेचे दरमहा १,५०० रुपये मात्र विभागाकडे नोंदवलेल्या खात्यातच येतात. ते खाते बंद केल्यास पैसे अडकतात आणि मग सरकारी कचेरीची पायरी चढावी लागते.

जुने खाते ठेवून दुसरे उघडण्यास माझा विरोध नाही. २०२० मध्ये म्हापसा अर्बनचा आणि २०२१ मध्ये मडगाव अर्बनचा परवाना रद्द झालेला पाहिल्यानंतर सगळे पैसे एकाच बँकेत ठेवण्याचा धीर गोव्यात कितीजणांना उरला असेल? ठेवविम्याची (बँक बुडाल्यास मिळणाऱ्या भरपाईची) पाच लाखांची मर्यादा प्रत्येक बँकेसाठी स्वतंत्र असते, हा या खात्याचा मला झालेला खरा फायदा आहे, आणि तो व्हाउचर नसते तरी झाला असता.

सेवेबद्दल सांगायचे तर शाखेतील माणसे नम्र आहेत, अॅप बरे चालते आणि व्हाउचर मात्र तक्रार नोंदवल्याशिवाय आले नाही. ज्यांच्यावर कोणतेही कर्ज नाही आणि ज्यांची पन्नास हजारांची रक्कम नाहीतरी पडून आहे, त्यांनी हे खाते खुशाल उघडावे. येत्या सहा-आठ महिन्यांत घर किंवा गाडीसाठी कर्ज काढणार असणाऱ्यांनी तिसऱ्या चौकोनापासून दूर राहावे. बंद करताना शुल्कपत्रक वाचावे: या बँकेत वर्ष पूर्ण होण्याआधी खाते बंद केल्यास ५०० रुपये आणि त्यावर कर आकारला जातो, त्यामुळे बोनस मिळताच खाते बंद करणाऱ्याच्या हाती माझ्या हिशेबाने ११५ रुपये राहतात.