अंगणवाडी की नर्सरी? साडेतीन वर्षांच्या मुलाला कुठे घालावं

जून जवळ आला की दापोली-गुहागरच्या वाड्यांत हा प्रश्न घरोघरी निघतो. वाडीतली अंगणवाडी, की तालुक्याच्या गावातली इंग्रजी नर्सरी?

नर्सरीत वर्ग नीटनेटका, खेळणी भरपूर, इंग्रजी लवकर कानावर पडतं. पण बऱ्याच ठिकाणी पहिल्याच महिन्यात हातात पेन्सिल देतात. या वयात बोटांचे स्नायू पुरते तयार नसतात. मूल पेन्सिल मुठीत धरतं, दाबून गिरवतं, मग रडवेलं होतं. त्यात व्हॅनचा वळणावळणाचा प्रवास, तोही भर पावसात.

अंगणवाडीत शिंपले, सुपाऱ्या, करवंट्या. लहान-मोठं लावणं, पाच सुपाऱ्या मोजून देणं, ओल्या वाळूत बोटाने रेघा ओढणं, यातूनच गणिताची आणि लेखनाची तयारी होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये याच किनाऱ्यावर, बोर्डीत, बालशिक्षणाचं काम सुरू केलं ते असंच, हाताशी असलेल्या वस्तूंतून. शिवाय ताजा आहार, वजनाची नोंद, लसीकरणाची आठवण. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेचाच तो भाग.

उणीवही खरी आहे. सेविकेमागे नोंदींचं आणि सर्वेक्षणांचं काम एवढं, की कधीकधी मुलं नुसती बसून राहतात.

तरी माझा कौल अंगणवाडीला. नर्सरीच घ्यायची असेल तर एक सकाळ वर्गात बसू द्या म्हणावं. गोष्टी-गाणी किती वेळ होतात आणि शू लागलेल्या मुलाला कोण नेतं, एवढं पाहा.