१४ महिने, एक कॅनिस्टर फिल्टर आणि एक रबरी रिंग

नवव्या महिन्यातील एका पहाटे माशांच्या टाकीखालच्या कपाटाचे दार उघडले, तेव्हा पाणी तळफळीवरून ओघळून जमिनीवर आले होते. टाकी १२० × ६० × ५५ सेंटीमीटरची आहे आणि पातळी ४ सेंटीमीटरने उतरली होती, म्हणजे रात्रीत सुमारे २९ लिटर पाणी बाहेर पडले होते. कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे टाकीचे पाणी गाळणारा कपाटातला बंद डबा, मात्र नेहमीच्याच शांतपणे चालू होता. गळती होती ती झाकण आणि डब्याच्या सांध्यातून, जिथे करंगळीपेक्षाही बारीक अशी एक रबरी रिंग बसते.

कॅनिस्टर टाकीच्या खाली असतो आणि पाणी त्यात सिफनने, म्हणजे भरलेल्या नळीतून आपोआप, उतरते, त्यामुळे पंपाचा प्लग काढला तरी अशी गळती थांबत नाही; दोन्ही नळ्यांच्या चाव्या बंद करेपर्यंत टाकीतले पाणी वरून दाब देतच राहते. माझ्या टाकीत पाणी ओढणारी जाळी तळापासून १० सेंटीमीटरवर होती. मी त्या दिवशी घरी नसतो, तर पातळी त्या जाळीपर्यंत उतरली असती, म्हणजे जवळजवळ २९० लिटर पाणी घरात पसरले असते आणि दोन पूर्ण वाढलेले ऑस्कर मासे वितभरही नसलेल्या पाण्यात आडवे पडले असते. उभा लावलेला हीटर कोरडा पडून तापला असता आणि त्याची काच तडकली असती, हे वेगळेच. आता जाळी २५ सेंटीमीटरवर आहे, हीटर तळाशी आडवा बसवला आहे आणि फिल्टर एका खोल टबात ठेवला आहे.

सेवा केंद्राने सांगितले की ही रिंग सुटी मिळत नाही, पंपासकट पूर्ण झाकण घ्यावे लागेल, आणि हमी शिल्लक असली तरी रबरी भाग तिच्यात येत नाहीत. उत्तम चालणारी मोटर केवळ एका रिंगेपायी टाकून द्यायची, हे मला कोणत्याही हिशेबाने पटले नाही. मी छायाचित्रे पाठवली, पाच वेळा फोन केला, आणि अखेरीस माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर त्याच रिंगेचा सुट्या भागांतील क्रमांक छापलेला सापडला. तो कळवल्यावर रिंग मिळाली, पण या सगळ्यात सहा आठवडे गेले. त्या काळात फिल्टरमधला सिरॅमिक मीडिया (पाणी शुद्ध करणारे जिवाणू ज्यांवर वाढतात ते सच्छिद्र तुकडे) जाळीच्या पिशवीत घालून टाकीतच एअर पंपाच्या बुडबुड्यांवर टांगून ठेवला, सोबत दोन स्पंज फिल्टर चालवले आणि खाद्य निम्म्यावर आणले, म्हणून माशांच्या विष्ठेतून तयार होणारा विषारी अमोनिया वाढला नाही.

इथवर माझे मत ठाम होते की दोष पूर्णपणे उत्पादनाचा आहे. जुनी रिंग भिंगाखाली धरल्यावर ते बदलावे लागले. तिचा एक भाग चपटा झाला होता, हा दाबाचा नेहमीचा परिणाम. पण त्याच्या शेजारी वाळूचा एक कण रबरात रुतलेला होता, आणि संपूर्ण रिंग किंचित फुगलेली होती, कारण मी दर वेळी तिला पेट्रोलियम जेली लावत होतो. खनिज तेलाच्या वंगणाने अनेक प्रकारचे रबर फुगते. इथे सिलिकॉन ग्रीसच हवे. माहितीपत्रकात वंगणाचा उल्लेख आहे, मात्र कोणते वंगण ते लिहिलेले नाही, आणि ही माझ्या मते या फिल्टरमधील सर्वांत मोठी उणीव आहे. मोटरच्या वर्णनाला चार पाने आणि जिच्यावर सारे घर कोरडे राहणे अवलंबून आहे त्या रिंगेला एक ओळ, हे प्रमाण चुकीचे आहे.

आता दर वेळी फिल्टर उघडला की रिंग काढून कोमट पाण्यात धुतो, खाच कापसाच्या काडीने पुसतो, रिंग बोटांतून फिरवून चपटा भाग शोधतो आणि अगदी पातळ ग्रीस लावतो. झाकण बंद केल्यावर पहिला अर्धा तास सांध्याभोवती कोरडा कागद गुंडाळून ठेवतो. एक थेंब जरी आला तरी तो कागदावर दिसतो.

बाकीच्या बाबतीत फिल्टरविषयी तक्रार नाही. खोक्यावर ताशी १,४०० लिटर लिहिले आहे, पण तो आकडा मीडिया न भरता आणि पाणी वर न चढवता मोजलेला असतो. मी १० लिटरची बादली भरायला लागणारा वेळ मोजतो: नवा असताना ३८ सेकंद, चौथ्या महिन्यात ६२, आणि नळ्या लांब ब्रशने घासून, इम्पेलरवरचा (पंपातील पाणी ढकलणाऱ्या चक्रावरचा) चिकट थर काढल्यावर ४२. मीडिया ठीक असूनही प्रवाह मंदावला होता, तो नळ्यांमुळे. मीडिया नेहमी टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच खळबळावा. नळाच्या पाण्यातील क्लोरिन अमोनियाचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना मारते. वीज दोन-तीन तासांहून अधिक गेली, तर बंद डब्यातील प्राणवायू संपून तेच जिवाणू मरू लागतात, म्हणून मी आतले पाणी ओतून टाकल्याशिवाय फिल्टर पुन्हा सुरू करत नाही.

त्या गळतीने कपाटाची तळफळी फुगली आणि पाणसळ लावल्यावर एक कोपरा ३ मिलिमीटर वर दिसला, तेव्हा टाकी उतरवणे भाग पडले. १२ मिलिमीटर काचेची रिकामी टाकीच ८० किलोच्या आसपास भरते. काही जण थोडे पाणी आणि वाळू आत ठेवून टाकी सरकवतात, पण त्याने तळाच्या सिलिकॉनच्या सांध्यांवर वेडावाकडा ताण येतो. आम्ही चौघांनी वाळूसकट सगळे काढून, वरच्या कडेला हात न लावता, तळाखालून उचलून ती गादीवर ठेवली. मासे त्यांच्याच पाण्याने भरलेल्या पिंपात, झाकण लावून, एअर पंपासह सहा तास राहिले. ऑस्कर उडी मारतो, म्हणून झाकण आवश्यक होते.

नवी रिंग बसवून पावणेचार महिने झाले आहेत. मागच्या आठवड्यात तिच्यावर चपटेपणाची पहिली खूण बोटाला जाणवली, म्हणून कपाटात ठेवलेली दुसरी रिंग पुढच्या सफाईला बसवणार आहे. त्याच क्रमांकाच्या आणखी दोन रिंगा मागवल्या आहेत आणि या वेळी त्या नऊ दिवसांत आल्या.