निवासी भागात मिरची कांडप यंत्र : महापालिकेच्या परवाना सेवेचा अनुभव

उन्हाळा तोंडावर आला की आमच्या गिरणीवर दळणापेक्षा कांडपाचीच चौकशी अधिक होते. बेडगी आणि संकेश्वरी मिरची वाळवून, देठ खुडून, मसाला भाजून डबा घेऊन आलेल्या बायकांना मी अनेक वर्षे पलीकडच्या पेठेत पाठवत असे. गेल्या वर्षी मात्र गिरणीच्या मोकळ्या कोपऱ्यात कांडप यंत्र बसवायचे ठरवले. गिरणी निवासी विभागातील तीन मजली इमारतीच्या तळमजल्यावर असल्यामुळे यंत्र आणण्याआधी महापालिकेची परवानगी घ्यावी लागली. आमच्यासारख्या छोट्या व्यावसायिकांना या सेवेचा खरा अनुभव कळावा, म्हणून हे लिहीत आहे.

मुंबई आणि काही वगळलेली क्षेत्रे सोडून राज्यभर लागू असलेल्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावलीनुसार निवासी विभागात पिठाची गिरणी आणि मसाला कांडप यांना मज्जाव नाही. यंत्र तळमजल्यावर असावे, इमारतीच्या रचनेत त्याच्या भाराची आणि कंपनांची काळजी घेतलेली असावी, शेजाऱ्यांना व वरच्या मजल्यावरील रहिवाशांना उपद्रव होऊ नये आणि विजेची गरज ७.५ किलोवॅटपेक्षा अधिक नसावी, अशा त्याच्या अटी आहेत. माझ्या चक्कीची मोटर साडेसात अश्वशक्तीची, म्हणजे सुमारे ५.६ किलोवॅटची आहे. कांडपाची पाच अश्वशक्तीची मोटर आणखी ३.७ किलोवॅट घेणार होती. दोन्हींची बेरीज मर्यादेबाहेर जात होती आणि सगळा प्रश्न तेवढाच होता.

महापालिकेच्या परवाना खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने अर्ज उलटून पाहिला आणि “ताई, निवासी विभागात दुसरे यंत्र बसत नाही,” एवढे सांगून कागद परत केले. पुढच्या दोन फेऱ्यांतही हेच उत्तर मिळाले. या सेवेतील सर्वांत मोठा दोष मला इथेच दिसतो. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाप्रमाणे अधिसूचित, म्हणजे ठरावीक मुदतीत द्यायच्या म्हणून जाहीर केलेल्या, सेवेच्या अर्जाची पोच द्यावी लागते, अर्ज नाकारायचा असेल तर कारणे लेखी कळवावी लागतात आणि अपील कोणाकडे करायचे तेही सांगावे लागते. तोंडी नकारावर अपील करता येत नाही. अर्जच दाखल झाला नाही, तर मुदत तरी कशाची मोजायची? तिसऱ्या फेरीत मी पोच मिळाल्याशिवाय खिडकी सोडणार नाही असे सांगितले, तेव्हा अर्जावर शिक्का बसला.

त्यानंतरच्या कामाबद्दल मात्र मनापासून चांगले लिहावे लागेल. पाहणीसाठी आलेल्या कनिष्ठ अभियंता बाईंनी चक्की चालू करायला सांगितली, जमिनीवर हात ठेवून कंपन पाहिले, पट्टा आणि पाया तपासला आणि ध्वनिमापक घेऊन त्या पहिल्या मजल्यावरच्या काकांच्या गॅलरीत गेल्या. आधी चक्की बंद असताना रस्त्याचा आवाज मोजला आणि मग चक्की चालू असताना पुन्हा मोजला. निवासी क्षेत्रात दिवसा, म्हणजे सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत, ५५ डेसिबलची मर्यादा आहे. आमचा आकडा ५९ आला. इतकी वर्षे काका आवाजाची तक्रार करत होते आणि मी ती त्यांच्या स्वभावावर घालत होते. त्या आकड्यापुढे मला बोलायला जागा उरली नाही.

नियमात सवलत मिळेल का, असे मी त्यांना विचारले. उघड अडचण असेल तर आयुक्त विशेष लेखी परवानगीने विहित मोजमापांत फेरबदल करू शकतात, परंतु आरोग्य आणि सुरक्षिततेला बाधा येईल अशी सूट देता येत नाही, आणि तुम्हाला सवलतीची गरजही नाही, असे त्यांनी शांतपणे समजावले. एका वेळी एकच मोटर चालेल असा चेंजओव्हर स्विच बसवला तर विजेची गरज मर्यादेतच राहते. हा उपाय खिडकीवरही सांगता आला असता.

काकांच्या हरकतीवर सुनावणी झाली. तिथे त्यांनी आवाजापेक्षा मिरचीच्या खाटीचा, म्हणजे ठसका आणणाऱ्या भुकटीचा, मुद्दा मांडला. त्यांना दम्याचा त्रास आहे. यंत्राच्या तोंडाला नुसती कापडी पिशवी बांधली की बारीक भुकटी खोलीभर उडते आणि जिन्यातून थेट वर जाते, हे त्यांचे म्हणणे बरोबर होते. अधिकाऱ्यांनी त्यांना पूर्ण बोलू दिले, मलाही मध्ये तोडले नाही. शेवटी बंद खोली, भुकटी ओढून घेणारे ‘सायक्लोन’ नावाचे यंत्र, दोन्ही यंत्रांखाली रबरी पॅड, चेंजओव्हर स्विच आणि कांडपासाठी दुपारी १२ ते ४ ही वेळ, अशा अटींवर परवानगी मिळाली. पॅड बसवल्यावर त्याच गॅलरीत आकडा ५३ वर आला. खर्च माझ्या अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट झाला, तरी यातील एकही अट मला अनाठायी वाटत नाही.

आदेशाचा कागद मात्र तोकडा आहे. सुनावणीत इतक्या नीट तपासलेल्या गोष्टींपैकी कोणतीही त्यात नाही. केवळ “अटींसह मंजूर” असा शेरा आणि खाली अटी आहेत. आवाजाचे आकडे, काकांची हरकत आणि ती कशी निकाली काढली याची कारणे आदेशात यायला हवी होती, कारण अधिकाऱ्यांची बदली झाली की पुढच्याला हाच कागद पाहायचा आहे. परवान्याची मुदत ३१ मार्चला संपते. नूतनीकरणाच्या अर्जासोबत मी पाहणी अहवालाची प्रमाणित प्रत मागितली आहे आणि या वेळी पोच पहिल्याच फेरीत मिळाली.