लेटरबॉक्स्ड: चांगलं ॲप आहे, पण आधी माणसं निवडा आणि मग पिक्चर

लेटरबॉक्स्ड हे नेटफ्लिक्ससारखं पिक्चर बघायचं ॲप समजून डाउनलोड करू नका, चिडाल. बघितलेले पिक्चर तारखेनिशी लिहून ठेवायचे, अर्ध्या स्टारपासून पाचपर्यंत मार्क द्यायचे, वाटलं तर दोन ओळी खरडायच्या आणि दुसरे काय बघतायत ते चाळत बसायचं, मुख्य काम एवढंच. न्यूझीलंडच्या ऑकलंडमधल्या मॅथ्यू ब्युकॅनन आणि कार्ल फॉन रँडो या दोघांनी २०११ मधे हे सुरू केलं, लॉकडाऊनमधे घरी अडकलेल्या लोकांनी उचलून धरलं, आणि २०२३ मधे तर हॉलिवूडचा दिग्गज दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी खुद्द तिथे खातं उघडून स्वतःच्या पिक्चरांसोबत कुठले जुने पिक्चर बघावेत याची यादी टाकून गेला. त्याच वर्षी टायनी नावाच्या कॅनडाच्या कंपनीने ६० टक्के हिस्सा घेतला तेव्हा जुने मेंबर धास्तावले होते की आता वाट लागणार. मला तरी रोजच्या वापरात फारसा फरक वाटलेला नाही.

आता मुद्द्याचं. सरासरी रेटिंग बघूनच पिक्चर ठरवणार असाल तर आयएमडीबी आहेच की, हे कशाला हवंय. इथे मजा ही की कोण बोलतंय ते कळतं. एखाद्याने कुठल्याशा इराणी पिक्चरला साडेचार दिलेत ना, मग त्याच्या प्रोफाइलवर जायचं, वर चार आवडत्या पिक्चरची पोस्टरं असतात ती बघायची, डायरी चाळायची, आपल्या जीव की प्राण असलेल्या पिक्चरला त्याने किती दिलेत ते शोधायचं, दोन मिनिटांत माणूस कळतो. मी ब्राझीलच्या एका मुलीला फॉलो करतो, ओळख ना पाळख, पण ती साडेतीनच्या वर सहसा जातच नाही त्यामुळे तिने चार दिले की मी डोळे मिटून वॉचलिस्टला, म्हणजे पुढे बघायच्या यादीत टाकतो. उलट आमच्या ऑफिसातला एक मित्र दिसेल त्याला पाच देतो, फार प्रेमळ माणूस, पण शिफारशीच्या कामाचा शून्य.

ते चार आवडते निवडणं हा मात्र छळ आहे हां. लोक तिथे शायनिंगही बेक्कार मारतात, तीन ब्लॅक अँड व्हाइट युरोपियन आणि चौथा एखादा मसालापट, म्हणजे बघा आम्ही किती साधे. मी पण काही धुतल्या तांदळाचा नाही. सध्या माझ्याकडे जपानी दिग्दर्शक ओझूचा टोकियो स्टोरी (१९५३), जब्बार पटेलांचा उंबरठा (१९८२), इटलीच्या डी सिकाचा बायसिकल थीव्ह्ज (१९४८) आणि इराणच्या किआरोस्तामीचा क्लोज-अप (१९९०) असे आहेत. क्लोज-अप बघितला नसेल तर हे वाचणं थांबवा आणि तो बघा. एक गरीब सिनेमावेडा माणूस आपण प्रसिद्ध दिग्दर्शक मोहसेन मखमलबाफ आहोत असं सांगून एका कुटुंबात शिरतो, पकडला जातो, खटला चालतो. ही खरी घडलेली गोष्ट, आणि पिक्चरमधे तो माणूस, ते कुटुंब, सगळे आपापल्या भूमिकेत. असं कोणी करतं का, पण केलंय, आणि शेवटाला घशात काहीतरी अडकतं.

याद्या हा या ॲपचा सगळ्यात भारी भाग. कोणीही कसलीही यादी करतं आणि त्यातले आपण किती टक्के बघितलेत ते बाजूला दिसतं, त्यामुळे स्पर्धा परीक्षेच्या तयारीसारखं व्हायचा धोका आहे, याद्या संपवायच्या म्हणून पिक्चर उरकणारे महाभाग मी बघितलेत. लेटरबॉक्स्डची स्वतःची टॉप पिक्चरांची यादी आहे, तिथे जपानच्या कोबायाशीचा हाराकिरी (१९६२) कायम अगदी वरच्या नंबरांत असतो. सामुराईचा पिक्चर म्हणून आपल्याकडे लोक टाळतात, पण खरं सांगू का, नाटकं बघत वाढलेल्या मराठी माणसाला हा हमखास आवडेल. एक बेकार सामुराई एका बड्या घराण्याच्या दारात येतो, म्हणतो मला तुमच्या अंगणात मरायचंय, आणि मग बसून गोष्ट सांगायला लागतो, बराच वेळ नुसती बोलाचाली, तलवारी फार उशिरा निघतात. तात्सुया नाकादाई काय बसलाय त्या अंगणात! आमच्या बाबांना सबटायटल वाचायचा कंटाळा, तेही उठले नाहीत.

नवख्या माणसासाठी मी वेगळी यादी करून ठेवलीय, तिची लिंक पाठवली की झालं, समोरच्याचं खातं नसलं तरी ब्राउझरमधे उघडते. सुरुवात माजिद मजिदीच्या चिल्ड्रेन ऑफ हेवनने (१९९७), भावाकडून बहिणीचे बूट हरवतात आणि मग दोघं एकच जोडी आलटूनपालटून घालून शाळेत जातात, बास. मावशीने तो बघून लगेच फोन केला की अजून असले सांग. मग किआरोस्तामीचा व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस, त्यात चुकून आपल्याकडे आलेली मित्राची वही परत करायला एक पोरगं डोंगरातून पळत शेजारच्या गावी जातं. बर्गमन, तारकोव्हस्की वगैरे जड पिक्चर काढणारी दिग्दर्शक मंडळी मी पहिल्या महिन्यात कोणालाच सांगत नाही, माणूस पळून जातो.

चिडचिड होण्यासारख्या गोष्टी आहेतच. खासगी मेसेजची सोयच नाही, म्हणजे पिक्चर सुचवायच्या ॲपवर एखाद्या मित्राला गुपचूप पिक्चर सुचवता येत नाही, शेवटी व्हॉट्सॲपलाच यावं लागतं. सिरियलींना जागा नाही, काही छोट्या मालिका सोडून, पण मला ते बरंच वाटतं. आणि रिव्ह्यूंचं म्हणाल तर वर आलेले, हजारो लाइक मिळालेले रिव्ह्यू बहुतेक एका ओळीचे विनोद असतात. पहिल्यांदा हसू येतं, नंतर वैताग, कारण तीन तासांच्या पिक्चरवर लोकांना फक्त हिरोच्या मिशीबद्दल बोलायचं असतं. खाली सरका, आठव्या दहाव्या नंबरला कोणीतरी मन लावून लिहिलेलं सापडतं. किंवा सरळ ज्यांना फॉलो करता त्यांचेच वाचा.

पैसे भरायचे का? फुकटच्या खात्यात डायरी, याद्या, रिव्ह्यू सगळं येतं, फक्त जाहिराती असतात. प्रो नावाचं पैसे भरायचं खातं घेतलं की जाहिराती जातात आणि वर्षभरात किती देशांचे, कुठल्या दिग्दर्शकाचे पिक्चर बघितले याचे तक्ते मिळतात, शिवाय वॉचलिस्टमधलं आपल्या ओटीटीवर काय आहे तेवढंच गाळून बघता येतं. या शेवटच्या सोयीसाठी मी भरतो, नाहीतर वॉचलिस्ट नुसती फुगत जाते. त्याच्याही वरचं, पेट्रन नावाचं खातं म्हणजे पोस्टरं आपल्या मनासारखी बदलायची हौस, गरज नाही.

आणि मराठी? भाषेचा फिल्टर लावला की यादी येते, पण जे पिक्चर परदेशी फेस्टिव्हलला गाजले त्यांच्याच पानांवर खरी वर्दळ. २०१४ मधे व्हेनिस फेस्टिव्हलच्या ओरिझोंती विभागात जिंकलेला कोर्ट घ्या, किंवा २०२५ ला अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिव्हलमधे ग्रँड ज्युरी प्राइज मिळालेला साबर बोंडं, यांच्यावर कुठकुठचे लोक मोठमोठं लिहितात आणि ते वाचताना भारी वाटतं, उगाच खोटं कशाला बोला. जुन्यांकडे गेलात तर मात्र शुकशुकाट. प्रभातचा संत तुकाराम (१९३६) त्या काळात व्हेनिसला नावाजला गेलेला, पण त्याच्या पानावर मराठी माणसांनी लिहिलेलं शोधावं लागतं. आपणच लिहीत नाही तर ती ब्राझीलची मुलगी कुठून बघणार. रिव्ह्यू मराठीत लिहिला तरी चालतो, कोणी अडवत नाही.

अजून एक, पिक्चरची माहिती लेटरबॉक्स्ड स्वतः भरत नाही, ती टीएमडीबी नावाच्या खुल्या साइटवरून येते, तिथे फुकट खातं काढून कोणालाही नावं, पोस्टर, सारांश भरता येतात आणि थोड्या वेळाने ते लेटरबॉक्स्डवर दिसायला लागतं. मी सुट्टीच्या दिवशी जुन्या पिक्चरांचे छायालेखक, संकलक, गीतकार भरत बसतो. कोणाच्या घरी आजोबांनी जपलेल्या पिक्चरच्या गाण्यांच्या चोपड्या असतील तर त्यातली श्रेयनामावली बघून भरा ना, निदान आपापल्या गावच्या कलाकारांची तरी.